जिराफाची शाळा आणि भीमाबाईचं झूलाघर

मीनल डांगोरेला नोकरी सोडायचा सल्ला ज्याने दिला नाही, असा माणूस त्या दिवसांत रायपूरच्या तेलीबांध्यात शोधूनही सापडला नसता. सासूने दिला, नवऱ्याने दिला, खालच्या मजल्यावरच्या सिंधी काकूंनी दिला. दूधवाल्या यादव भैयाला तर कोणी विचारलंही नव्हतं. तरी त्याने दूध भांड्यात ओतता ओतता ऐकवलंच, "दीदी, बच्ची छोटी है, देख लो." मीनल सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "हो, बघते," आणि पर्स खांद्याला लावून बस पकडायला निघायची. बघायचं काही नव्हतं. तिचं ठरलेलं होतं.

ही नोकरी तिला कोणाच्या ओळखीने लागली नव्हती. रायपूर राजधानी झालं तेव्हा ती पुरानी बस्तीतल्या शाळेत शिकत होती, आणि आता इथेच मंत्रालय होणार म्हटल्यावर त्या गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या पोरापोरींना सरकारी नोकरीची स्वप्नं पडायला लागली होती. बाकीच्यांची स्वप्नं विरली. मीनलने परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा ऐन पेपरच्या आठवड्यात कावीळ झाली, तिसऱ्यांदा पास होऊन मंत्रालयात सहायक म्हणून रुजू झाली. लग्न त्यानंतर झालं. तिचं माहेर भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपुरात आलेलं आणि सासर रेल्वेने, असं तिचे वडील थट्टेत म्हणायचे. ते खरंही होतं. सासरे बाबाराव गोंदियाहून वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला आले, इथेच रिटायर झाले आणि इथलेच झाले. नवरा शेखर उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळायचा. घरी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत धुळीने माखलेला असायचा, आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा. त्याच्या पिढीतल्या निम्म्या मराठी पोरांची हीच तऱ्हा होती.

मुलगी गंधाली, घरात सगळ्यांची गंधू, तेव्हा अडीच वर्षांची होती. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंडही उघडायचं, ते झोपेपर्यंत मिटायचं नाही. कुकरशी बोलायची, चपलेशी बोलायची, बाल्कनीतल्या कबुतरांना रागवायची. आजीची वऱ्हाडी, बापाची हिंदी आणि भांडीवालीची छत्तीसगढी, असा तिचा सगळा काला होता. "आजी, कबूतर काहून भाग गया?" असं ती विचारायची आणि आजी, म्हणजे शारदाबाई, तितक्याच गंभीरपणे सांगायची, "त्याच्या मायनं बलावलं असन वं." दोघींचं हे दिवसभर चालायचं. बाबाराव पेपरमागून म्हणायचे, "या घरात बोलाले माह्या नंबर कधी येते?"

घोडं अडलं ते मंत्रालयापाशी. आधी ते शहराच्या मधोमध, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. मीनल जेवणाच्या सुट्टीत स्कूटीने घरी यायची, गंधूला दोन घास भरवायची, पापा घेऊन परत जायची. मग दिवाळीच्या सुमाराला सगळं बाडबिस्तर नव्या रायपुरात हललं. ते गाव तेव्हा गाव नव्हतंच. विमान उतरवावं असले रुंद रस्ते आणि त्यावर फिरणाऱ्या गाई. कर्मचाऱ्यांची बस तेलीबांध्याच्या तलावापाशी सकाळी घ्यायची आणि दिवेलागणीला आणून सोडायची. दुपारचा घास गेला. शारदाबाईंचे गुडघे धरलेले, बाबारावांना दम लागायचा, आणि गंधू एक दिवस दोघांचा डोळा चुकवून जिना उतरून एकटी रस्त्यापर्यंत गेली. पानवाल्याने उचलून आणली म्हणून बरं. त्या दिवसापासून पोरीला दिवसाचे काही तास कुठेतरी ठेवायला हवं, यावर घरात कोणाचं दुमत उरलं नाही. कुठे ठेवायचं, यावर मात्र महाभारत झालं.

बसमध्ये मीनलच्या शेजारी बसणाऱ्या पद्मिनीने एक जागा सांगितली. दिवसभर लेकरं सांभाळतात त्या घराला इकडे झूलाघर म्हणतात. तसं एक झूलाघर तलावामागच्या गल्लीत भीमाबाई नावाची एक बाई चालवत होती. बसथांब्यावरून चालत जाता येईल इतकं जवळ, संध्याकाळी बस येईपर्यंत उघडं. मीनलने घरी विषय काढला आणि शारदाबाईंनी हातातली पळी ओट्यावर आपटली.

"झूलाघरात टाकाले ते काय बिनमायबापाची आहे? दोन दोन म्हातारे जित्ते बसलो न घरात! गोंदियाले कळलं त लोक माह्या तोंडात शेण घालतीन. म्हणतीन, शारदेले नात जड झाली."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघ्याचं नाव नको घेऊ. शाळेत टाक. शाळेत टाकली त कोणी काही म्हणत नाही."

शारदाबाईंचं हे गणित साधं होतं. झूलाघर म्हणजे नाइलाज, शाळा म्हणजे प्रतिष्ठा. आणि शाळा तर जवळच, मोठ्या रस्त्यावर नुकतीच निघाली होती. गुलाबी भिंती, दारावर दात काढून हसणारा हिरवा जिराफ, आणि वर लांबलचक पाटी, 'अर्ली लर्निंग प्रोग्राम'. आसपासची सगळी तिला जिराफवाली शाळाच म्हणायची. सकाळी तीन तास शाळा, रिक्षावाला घरी आणून सोडणार, म्हणजे उरलेला दिवस आजी-आजोबांना झेपण्यासारखा. शिवाय इथे शिकलेल्या मुलांना पुढे मोठ्या शाळेच्या मुलाखतीत पटकन घेतील, अशी हवा होती. खरं सांगायचं तर मीनललाही ती शाळा आवडली. छोट्या छोट्या खुर्च्या, रंगीत ठोकळे, भिंतीवर इंग्रजी अक्षरं. आपल्याला जे मिळालं नाही ते लेकीला मिळावं, असं कोणत्या आईला वाटत नाही? तिने नाव घातलं.

शाळेच्या मालकीणबाई, सोनिया मॅडम, माणूस म्हणून वाईट नव्हत्या. बायका पोरांना सोडून जाताना रडायच्या तेव्हा त्या स्वतः पाण्याचा ग्लास आणून द्यायच्या. पण पालकांना त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं, "घर में बच्चे से इंग्लिश में बात कीजिए. नहीं आती तो कम से कम साफ हिंदी. घर की बोली मत बोलिए, बच्चा कन्फ्यूज होता है." सगळे पालक मान हलवत होते. शारदाबाई खास इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या होत्या, त्यांनी सगळ्यांत जोरात हलवली.

आणि मग डांगोऱ्यांच्या घरात जे सुरू झालं, त्यावर सुरुवातीला शेजारपाजार पोट धरून हसला. शारदाबाईंनी मॅडमचा शब्द ब्रह्मवाक्य मानला. त्या सिंधी काकूंकडून चार इंग्रजी शब्द शिकून आल्या आणि गंधूच्या मागे ताट घेऊन फिरायला लागल्या, "बेबी, कम. ईट पोळी. गुड." बाबारावांना रेल्वेमुळे बरंच इंग्रजी येत होतं, पण ते सगळं वॅगनीचं. एक्सल, बफर, कपलिंग. नातीला काय सांगणार? ते पेपरमागे गेले ते तिथेच राहिले. "पोट्टीच्या भल्यासाठी आहे," असं म्हणून शारदाबाईंनी भांडीवालीलाही ताकीद दिली, गंधूसमोर छत्तीसगढी बोलायची नाही. ती बिचारी तेव्हापासून मुकाट्याने भांडी घासून जायला लागली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हसणं थांबलं. घरात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. गंधू नव्या परकरात, गळ्यात हलव्याचे दागिने. प्रत्येक बाई तिच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणत होती, "गोड बोल गं." गंधू तिळगूळ घेत होती, खात होती आणि बघत होती. एक शब्द नाही. शेवटी कोणीतरी हसत हसत म्हटलं, "अवो, हे त दिवाळीत कान खात होती. आता काय झालं हिले?" मीनलच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली. तिने आठवायचा प्रयत्न केला, गंधू शेवटची कधी बोलली? तिला आठवेना. संध्याकाळी थकून घरी यायची तेव्हा पोर झोपाळलेली असायची, त्यामुळे तिची बडबड बंद पडलीय हे मीनलच्या लक्षातच आलं नव्हतं. बाकीच्या बायका गेल्यावर ती मोरीत जाऊन रडली. मग तोंड धुतलं आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून पोरीला डॉक्टरकडे नेलं.

कान ठीक होते. जीभ ठीक होती. डॉक्टर म्हणाले, काही महिने वाट बघा, घरात पोरीशी बोलत राहा. घरी मात्र निकाल लागून गेला होता. आई दिवसभर घरी नाही, पोरीने धसका घेतला. शारदाबाईंना दुसरं कारण दिसतच नव्हतं. शेखरही त्या दिवशी कामावरून आल्या आल्या, बूट न काढता म्हणाला, "छोड़ दो ना मीनल, कुछ साल की बात है."

मीनल त्याच्याकडे बघत राहिली. काही साल! तिसऱ्या खेपेला मिळवलेली नोकरी, आणि हा तिच्याबद्दल उन्हाळ्याच्या सुट्टीसारखं बोलतोय. तिला राग आला आणि भीतीही वाटली, कारण पोर खरंच मुकी झाली होती. ती म्हणाली, "पाडव्यापर्यंत थांब. गुढीपाडव्यापर्यंत गंधू बोलली नाही, तर मी स्वतः जाऊन राजीनामा देऊन येते. तोपर्यंत कोणी मला नोकरी सोड म्हणायचं नाही." शारदाबाई आतून ऐकत होत्या. "ठीक आहे, पाडवा," असं त्यांनी तिथूनच पक्कं केलं.

शब्द तर दिला. पण करायचं काय, ते तिला कळत नव्हतं. कळलं ते एका माणसाच्या मरणाने. कोणी मोठे गृहस्थ गेले आणि सरकारी रिवाजाप्रमाणे मंत्रालय दुपारीच बंद झालं. मीनल घरी आली, स्वतःच्या चावीने दार उघडलं आणि चपला न काढता तशीच उभी राहिली. आत शारदाबाई जमिनीवर बसून गंधूला वरण-भात भरवत होत्या. त्या घास पुढे करायच्या, स्वतःचं तोंड उघडून दाखवायच्या, गंधू तोंड उघडायची. पंखा घरघरत होता. बाबाराव खुर्चीत होते. गंधूने तांब्याकडे बोट केलं. शारदाबाईंनी पाणी दिलं आणि मंत्र म्हणावा तसं हळूच म्हटलं, "वॉटर." मग पुन्हा घास. भात संपेपर्यंत त्या घरात बोलला गेलेला तेवढाच एक शब्द.

"आई," मीनल दारातूनच म्हणाली, "तुम्ही तिच्याशी बोलत काहून नाही?"

शारदाबाई दचकल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "काय बोलू? मॅडमनं बंद केलं न आपलं बोलणं. हिंदी बोलाले गेली त मराठी येते मंधात, इंग्रजीचे चार शब्द त सकायीच सरते. चुकीचं बोलून पोट्टीचं नुकसान करू का मी? त्याच्यापेक्षा चूप बसलेलं बरं."

मीनलला रडू की हसू कळेना. मोठी चार माणसं आणि एक पोर, आणि पोरीच्या भल्यासाठी सगळ्यांनी तोंडं शिवून घेतलेली. ज्या आजीकडून पोर बोलायला शिकली, तिलाच त्यांनी गप्प केलं होतं. आणि मीनलही काही वेगळी नव्हती, संध्याकाळी 'बेटा, खाना खाया?' एवढं विचारून तीही मोकळी होत होती. पोर मुकी होईल नाही तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि जिराफवाल्या शाळेत मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. सोनिया मॅडमनी हरकत घेतली नाही. वर्गावरची बाई जीव तोडून शिकवत होती, उगाच का खोटं बोला. पोरं टाळ्या वाजवत इंग्रजी गाणं म्हणत होती. फळांची नावं म्हणत होती. सफरचंदाचं चित्र दाखवलं की सगळी एका सुरात 'ॲपल' ओरडायची, गंधू ओठ हलवायची. पण तीन तासांत एकाही पोराने काही मागितलं नाही, की कोणाला काही सांगितलं नाही. चार वर्षांच्या पोरांना हे चालत असेल, मीनलला वाटलं. माझ्या पोरीला आत्ता हे नको. तिने मॅडमना तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सीट चली जाएगी, बाद में पछताएंगी." मीनल म्हणाली, "जाने दीजिए," आणि गंधूची पाण्याची बाटली उचलून निघाली.

सुट्टीच्या शनिवारी ती भीमाबाईकडे गेली. न कळवता, भर दुपारी. दाखवायला मांडलेलं तिला आता बघायचं नव्हतं. गल्लीतलं बुटकं कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत दोन झुले. भीमाबाई ही साठीकडे झुकलेली, पोलक्याच्या बाह्या वर सारलेली, आवाज असा की तलावापलीकडे ऐकू जावा. शुद्ध, अशुद्ध असलं काही तिच्या गावीच नव्हतं. मराठी, छत्तीसगढी, हिंदी, जे तोंडात येईल ते. ती भेंड्या चिरत होती आणि भोवती बसलेल्या सहा-सात पोरांना नळावरचं भांडण सांगत होती. "मग तिनं बाल्टी उचलली. अन् मी का केलं?" "तूभी उचलली!" पोरं ओरडली. एक पोरगं म्हणालं, "दादी, पानी." भीमाबाई म्हणाली, "माह्ये हात भरले आहे. तू जा, मटक्यातून घे. अन् या बारक्यालेही दे." पोरगं गेलं, अर्धं पाणी सांडत आणलं, बारक्याला पाजलं. मीनल पडवीच्या कडेला बसून बघत होती. जिराफाच्या शाळेत पोरं शब्द म्हणतात, इथे पोरं मागतात आणि त्यांना मिळतं, एवढं तिला कळलं.

म्हणजे सगळं गोडच होतं असं नाही. भेंड्या चिरून झाल्यावर भीमाबाई आत गेली, टीव्ही लावला आणि सगळी पोरं मालिकेतल्या सासू-सुनांसमोर ओळीने बसवली. तासभर मग कोणाचा आवाज नाही. मोरीजवळ फिनाइलची बाटली पोराच्या हाताला येईल अशी ठेवलेली होती.

"भीमाबाई," मीनल म्हणाली, "मुलगी ठेवायची आहे. पण टीव्ही बंद पाहिजे, आणि ती बाटली वर."

"बाटली ठेवतो वर. टीव्ही नाही बंद होत," भीमाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सकायपासून बोलून बोलून माह्या गळा सुकते. घंटाभर मले बी आराम पाहिजे का नाही? जमत नसन त त्या जिराफाकडे घेऊन जा."

"जिराफाकडूनच आणली आहे."

"काहून?"

"बोलायची बंद झाली."

भीमाबाईने पोलक्याची बाही खाली केली. मग म्हणाली, "पोरं झोपल्यावर पाहीन मालिका. पण आवाज लहान नाही करणार, मले कमी ऐकू येते." मीनल म्हणाली, चालेल. फक्त अधूनमधून मी अशीच न सांगता येईन. भीमाबाई म्हणाली, "हव, ये न. आली त भेंड्या चिराले बस." तसं ठरलं.

घरी मात्र आकाश कोसळलं. शारदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "म्हणजे माह्यापेक्षा ते बाई बरी," एवढंच म्हटलं आणि अबोला धरला. अबोला म्हणजे साधासुधा नाही. चहा हवा असेल तर बाबारावांकडे बघून म्हणायच्या, "कोणी चाय ठेवत असन त माह्या कप ठेवावा." मीनलने सासूसमोर बसून सांगितलं, आई, चूक तुमची नाही, तुमचं बोलणंच तिला पाहिजे आहे, घरात वाट्टेल ते बोला, वऱ्हाडीत बोला, ओरडा, गाणी म्हणा. शारदाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाबाराव दोन डगरींवर हात ठेवून वागणारे, त्यांनी भांडण निवेपर्यंत कमी बोलायचं ठरवलं. म्हणजे घर पहिल्यापेक्षाही गप्प झालं. आधी नियमाने गप्प होतं, आता रागाने.

गंधूने पहिले काही दिवस भीमाबाईच्या पडवीत खांब धरून आकांत केला. मीनल तिला सोडवून बसकडे पळायची आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. पद्मिनी तेव्हा आपला रुमाल पुढे करायची. एकदा शेजारच्या रांगेतल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, इतनी तकलीफ है तो..." मीनलने डोळे पुसून त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी वाक्य तिथेच गिळलं. मधूनच एखाद्या दिवशी लवकर सुटली की ती ठरल्याप्रमाणे न सांगता जायची. बाटली वर असायची. टीव्ही बंद असायचा, किंवा पोरं झोपलेली असायची. एकदा टीव्ही चालू सापडला आणि दोघींचं असं जुंपलं की गल्ली गोळा झाली. तरी दुसऱ्या दिवशी मीनलने गंधूला तिथेच सोडलं, आणि भीमाबाईनेही नेहमीसारखीच कडेवर घेतली. भांडण दोघींपैकी कोणीच मनात ठेवलं नाही.

होळी गेली. गंधू आता खांब धरत नव्हती, स्वतः पडवी चढून जात होती. तिथे हसते, दुसऱ्या पोरांच्या कानात काहीतरी कुजबुजते, असं भीमाबाई सांगायची. पण घरी एक शब्द नाही. शारदाबाई बाबारावांना म्हणाल्या, अर्थातच मीनलला ऐकू जाईल अशा बेताने, "पाडवा आला. कोणाच्या ध्यानात आहे का नाही, कोण जाणे." मीनलच्या ध्यानात होतं. बाजारात गाठी आल्या होत्या, बाबारावांनी गुढीसाठी काठी धुऊन बाल्कनीत वाळत घातली होती. मीनलने ऑफिसच्या ड्रॉवरमधला आपला कप, देवाचा फोटो, हातरुमाल हळूहळू घरी आणायला सुरुवात केली. शब्द दिला होता. फिरायची तिला सवय नव्हती.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी ती गंधूला घेऊन घरी आली. शेखर शिफ्टवरून येऊन चहा पीत होता. बाबाराव पेपर. शारदाबाई पाटावर बसून उद्यासाठी कडुनिंबाची पानं खुडत होत्या, तोंड घट्ट मिटलेलं. मीनल पोळ्यांचं पीठ मळायला लागली. गंधू थोडा वेळ दारात उभी राहिली. मग जाऊन आजीच्या समोर फतकल मारून बसली, एक डहाळी ओढून घेतली आणि पानं खुडायला लागली. झूलाघरात भाजीभोवती बसायची तशीच. ती वाट बघत होती. भाजीपाशी बसलं की मोठं माणूस काहीतरी सांगतं, हे तिला आता माहीत होतं. आजी काही सांगेना. तिने आजीच्या तोंडाकडे वाकून बघितलं, आणि हात लावून आजीची हनुवटी वर केली.

"आजी, तू काहून चूप आहे? भीमादादी त खूब बोलते."

शेखरचा कप हवेतच राहिला. मीनलचे हात पिठात थांबले. शारदाबाईंनी आधी नातीकडे बघितलं, मग त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच्या पाठोपाठ कपाळावर आठी चढली.

"ते बोलते? अन् मी बोलत नाही? मले येत नाही का बोलता? थांब, तुले सांगतो मी. हे पान कशाचं आहे, माहीत आहे? कडूनिंबाचं. आमच्या गोंदियाच्या घरापाशी येवढा मोठा निंब होता, त्याच्यावर एक हुप्प्या राहे..."

"कोण हुप्प्या?"

"वांदर वं माय, वांदर! येवढा मोठा. तुह्या आजोबासारखा दिसे."

"आजोबा वांदर?" गंधू ओरडली आणि खदाखदा हसली. पेपरमागून बाबाराव म्हणाले, "झालं! माह्यावरूनच सुरू झालं." शेखर उठून बाल्कनीत गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. शारदाबाई थांबायला तयार नव्हत्या. किती महिन्यांचं तुंबलेलं होतं. हुप्प्या झाला, मग आंब्याची चोरी झाली, मग कोण कोणाच्या विहिरीत पडलं ते झालं, आणि प्रत्येक ठिकाणी गंधूचं 'काहून?' होतंच. मीनल पोळ्या लाटत होती आणि डोळे दंडाला पुसत होती. पोळ्या नेमक्या त्याच दिवशी वाकड्या झाल्या.

पानं सगळी खुडून झाली, गंधू आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगायला लागली, तेव्हा शारदाबाईंनी सुनेकडे बघितलं. अबोला सोडताना माणूस काय बोलतं? माफीबिफी त्या घरात कोणी मागत नसे.

"त्या बाईले सांग, पोट्टीले भात कोरडा नाही चालत. वरण घालून कालवून द्याव. नाही त मीच येतो परवा सकायी सांगाले. पाहतो मी बी, किती बोलते ते." मग त्यांनी नातीच्या केसांतलं कडुनिंबाचं पान काढलं आणि आवाज खाली आणला. "अन् तुह्या तो कप, देवाचा फोटो, काय काय घरी आणून ठेवलं न तू, ते घेऊन जाजो. बस चुकवू नको."

"हो आई," मीनल म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली.